फॉकलंड: बेटं राखायची की शेजार?

दर्यावर्दी
फॉकलंड, म्हणजे दक्षिण अटलांटिकमधली ब्रिटनच्या ताब्यातली आणि अर्जेंटिना आपली म्हणतो ती बेटं. त्यांचं नाव निघालं की सगळे 1982 मध्ये अर्जेंटिनाने ती घेतल्यावर ब्रिटिश पंतप्रधान थॅचरबाईंनी ती परत मिळवायला धाडलेल्या आरमारापाशी थांबतात. मला त्याआधीची दहा वर्षं महत्त्वाची वाटतात. 1971 च्या करारानंतर बेटांची विमानसेवा अर्जेंटिनाकडे गेली, पुढे इंधनही त्यांच्याच सरकारी कंपनीचं. शेजाऱ्याशी गोडीत राहायचं म्हणून, आणि त्यात काही वावगं नव्हतं. पण 1981 मध्ये खर्च वाचवण्यासाठी ब्रिटनने तिथलं गस्तीचं एकुलतं एक जहाज, ‘एंड्युरन्स’, काढून घ्यायचं ठरवलं. अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी त्यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला. युद्ध मैत्रीने नाही, चिंगूसपणाने ओढवलं.

तिरकस
चिंगूसपणा कसला, दुटप्पीपणा म्हणा! अर्जेंटिनाच्या टाइप 42 विनाशिका ब्रिटिश आराखड्याच्या. एक तर ब्रिटनमध्येच बांधलेली. दुसरी, ‘सांतिसिमा त्रिनिदाद’, 2 एप्रिल 1982 ला बेटांवर सैनिक उतरवायला हजर! तोफा विकायच्या आणि वर बेटंही राखायची? त्यापेक्षा ब्रिटिश परराष्ट्र खात्याचे मंत्री निकोलस रिडलींचा तोडगा बरा होता: मालकी अर्जेंटिनाची, कारभार भाडेपट्ट्याने ब्रिटनचा. डिसेंबर 1980 मध्ये संसदेत दोन्ही बाकांवरून त्यांच्यावर तुटून पडले.

दर्यावर्दी
स्वतःचीच हजारो माणसं गायब करणाऱ्या राजवटीशी भाडेपट्टा? वा! 1977 मध्ये तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान कॅलॅहन यांनी एक पाणबुडी आणि दोन फ्रिगेटी पाठवल्या, वाटाघाटीही चालू ठेवल्या. असं जमतं.

तिरकस
गुपचूप पाठवल्या हो. अर्जेंटिनाला कळल्याचा पुरावा युद्धानंतरच्या ब्रिटिश चौकशीच्या फ्रँक्स समितीलाही सापडला नाही. ज्याला घाबरवायचं त्यालाच पत्ता नाही, तर धाक कोणाला?

मांडवीकाठ
मूळ मुद्दा राहिला. 1961 मध्ये आपण गोव्यात सैन्य घातलं ती मुक्ती, मग अर्जेंटिनाने तेच केलं की आक्रमण कसं?

दर्यावर्दी
कारण गोव्यात पोर्तुगीज हटवा म्हणून गोवेकर स्वतः तुरुंगात गेले होते. फॉकलंडमध्ये 2013 च्या सार्वमतात ब्रिटनसोबत राहायला नको म्हणणारे तीन. अख्ख्या बेटांवर तीन!

मांडवीकाठ
1833 मध्ये ब्रिटनने ताबा घ्यायचा, आपली माणसं वसवायची, मग त्यांनाच विचारायचं. निकाल दुसरा काय लागणार?

दर्यावर्दी
मग तिथे पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या पाळणाऱ्यांना कुठे धाडायचं, तेही सांगा. आणि आज बेटांवर माउंट प्लेझंटला ब्रिटिश हवाई तळ आहे, तरी 1990 पासून दोन्ही देशांचे राजदूत एकमेकांकडे आहेतच की.

तिरकस
आहेत. आणि 1994 पासून बेटांवरचा दावा अर्जेंटिनाच्या राज्यघटनेत आहे. राजदूत चहा पितात, दावा जागच्या जागी.