मदत हवी आहे: वनहद्दीतल्या डोंगरावर रोजगार हमी योजनेतून (रोहयो) पाणी अडवणारे चर कसे घ्यावेत?

आमचं गाव बीडमधल्या आष्टी तालुक्यातलं. दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला जातात. रोहयोत इथे रस्तेच जास्त घेतले जातात. पाणी मात्र डोंगरावरून थेट वाहून जातं. हिवरे बाजार गावाने रोजगार हमीतूनच डोंगरावर समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीतले) खोदले, मग खाली बंधारे बांधले. आधी माथा, मग पायथा हाच क्रम मला योग्य वाटतो. चर म्हणजे जवळपास सगळी मजुरीच, त्यामुळे मजुरी आणि साहित्याच्या खर्चाचं ६०:४० चं प्रमाणही सहज सांभाळलं जातं. अडचण एकच, माथा वनखात्याच्या हद्दीत आहे. ग्रामसभेच्या ठरावावर वनविभागालाच काम करून घेणारी यंत्रणा म्हणून नेमता येतं का? प्रस्ताव आधी कुणाकडे द्यायचा, तहसीलला की वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे? कुणी असं काम मंजूर करून घेतलं असेल तर ठरावाचा नमुना द्याल का? ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेण्याआधी रोहयोचे हजेरीपट निघायला हवेत.