अनुभव धागा : विश्वासाबद्दल विचारलं गेलं आणि उत्तर फसलं

नव्या सोसायटीत वर्गणी मागायला आलेल्या काकूंनी दारावरचा क्रूस पाहिला नि म्हणाल्या, "अय्या, पण तुम्ही तर किती छान मराठी बोलता!" वर्गणी दिली, चहा दिला, उत्तर सुचलं रात्री दोन वाजता. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, रोमन लिपीत का होईना, पण मराठी ओवीत! आता काय उपयोग? तुमचेही किस्से लिहा. गाजवलेले नकोत, फसलेले आधी.

नगर
धान्यासाठी धर्म बदलला, असा आमच्याकडचा ठरलेला टोमणा : "किती पोती गहू मिळाला होता?" कॉलेजात मी लगेच ना. वा. टिळकांना पुढे करायचो. चित्पावन ब्राह्मण, पंडित माणूस, १८९५ ला बाप्तिस्मा. त्यांना कुणी गहू दिला? समोरचा गप्प व्हायचा. एकदा फुशारकीनं हे घरी सांगितलं. आजोबा विडी विझवून म्हणाले, "बामनाचा दाखला कशाला देतो? आपण महारवाड्यातले. दुष्काळात भाकर मिळाली, खाल्ली. शाळेत आत बसू दिलं, बसलो. भुकेल्याचा विश्वास खोटा अन् पोट भरलेल्याचा खरा, असं कुठं लिहिलंय?" टिळकांची भजनं अजून म्हणतो. दाखला देत नाही.

पुणे
संडे स्कूलमध्ये त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र नि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे शिकवायला माझा हुकमी एक्का म्हणजे बर्फ, पाणी, वाफ. एक सातवीतली मुलगी म्हणाली, "टीचर, येशूच्या बाप्तिस्म्याला तो नदीत होता, आत्मा कबुतरासारखा उतरला आणि वरून पिता बोलला. मग एकच पाणी तिन्ही एकदम कसं?" घरी येऊन वाचलं, तर देव एकच व्यक्ती, फक्त रूपं तीन, असं शिकवणाऱ्या साबेलियसला तिसऱ्या शतकातच मंडळीबाहेर काढलेलं! म्हणजे पंधरा वर्षं मी पाखंड शिकवत होते, तेही चार्टपेपरवर रंगवून. चार्ट उतरवला. त्यामागची भिंत अजून वेगळ्या रंगाची दिसते.

मुंबई
आमचा हलका आहे. गणपतीत शेजारून मोदक आले की घरात दोन पक्ष. दोघंही बायबलातल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवाच अध्याय उघडतात, मूर्तीपुढचा नैवेद्य खावा का, यावरचा. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, हे आईचं कलम. दुर्बळ भावाला अडखळण होऊ नये, हे काकांचं. यंदा शेजारणीनं दारातच विचारलं, "तुम्हाला चालतं ना?" आईनं उभ्या उभ्या मोदक तोंडात टाकला, तूप मनगटापर्यंत. काका म्हणाले, "मला डायबेटिस आहे." काकांना डायबेटिस नाही. आता शेजारीण काकांसाठी मेथीचे लाडू पाठवते.

नाशिक
तरुणांच्या शिबिरात दुःखाच्या प्रश्नावर मी तासभर बोलायचो. माणसाला दिलेलं स्वातंत्र्य, बायबलातला दुःख सोसणारा ईयोब, क्रूस, सगळं क्रमानं. दादा गेला त्या रात्री आयसीयूबाहेर वहिनीनं विचारलं, "एवढी सगळी मंडळी गुडघ्यावर होती, मग?" मी बोलू लागलो. तिच्या मांडीवर दादाचा चष्मा होता. ती पदरानं काच पुसत होती. मधेच म्हणाली, "भावजी, हे तुमचं पाठ आहे."

वहिनी अजून उपासनेला येत नाही. मी रविवारी तिच्या मुलाला न्यायला जातो, तेव्हा ती दारात डबा देते आणि किती वाजता सोडाल, एवढंच विचारते.