निगेटिव्ह स्कॅनमध्ये रंगीत वर्तुळं, आणि बुरशीचं काय करावं?

प्रश्न: ३५ मिमीच्या निगेटिव्ह फिल्मच्या पट्ट्या एप्सन व्ही६०० या स्कॅनरवर स्कॅन करतोय. पट्ट्या वाकल्यात, होल्डरमध्ये (फिल्म धरायच्या चौकटीत) बसेनात म्हणून थेट काचेवर ठेवल्या, तर इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं उमटली. धूळ काढायचा पर्याय लावला की कृष्णधवल फोटोतले बारकावेच पुसले जातात. डीपीआय (इंचामागे किती ठिपके) किती ठेवू? काहींवर बुरशीही आहे.

प्रतिसाद १: ती न्यूटनची वर्तुळं. फिल्मची चकचकीत बाजू काचेला टेकली की दोन्हींमधल्या हवेच्या पातळ थरामुळे दिसतात. शिवाय या स्कॅनरचा फोकस होल्डरच्या उंचीवर ठरलेला असतो, बदलता येत नाही, त्यामुळे होल्डर हवाच. पट्ट्या स्लीव्हमध्ये (फिल्मच्या पाकिटात) घालून जाड पुस्तकांखाली आठवडाभर दाबून ठेवा. ३२०० डीपीआय पुरे: साधारण ४५०० × ३००० पिक्सेल मिळतात. त्यापुढे फक्त फाइल फुगते. मूळ प्रत १६ बिट टिफमध्येच (दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये) ठेवा.

प्रतिसाद २: धूळ काढायचा तो पर्याय इन्फ्रारेडवर (डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांवर) चालतो. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेड आरपार जाऊ देतात, धूळ अडवते. कृष्णधवलमधली चांदीही अडवते, म्हणून चित्रच धूळ समजून पुसलं जातं. तिथे बंदच ठेवा. कोडाक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) स्लाइडवरही त्याचा भरवसा नको.

प्रतिसाद ३: बुरशीला पाणी अजिबात लावू नका! बुरशीने पोखरलेलं जिलेटिन (फिल्मवरचा चित्र धरणारा थर) पाण्यात विरघळतं आणि फोटो कायमचा जातो. आधी ब्लोअर, मग ९८ टक्क्यांहून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन फिल्मच्या चकचकीत बाजूवर हलकेच पुसा. नंतर सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा, विशेषतः पावसाळ्यात. व्हिनेगरसारखा वास (फिल्म खराब होऊ लागल्याची खूण) येणाऱ्या पट्ट्या वेगळ्या काढा आणि त्याच आधी स्कॅन करा.