बीपीसाठी शुगरची गोळी: बाबांना दिली ते बरोबर की चूक?

रामदासपेठकर
बाबांना शुगर आणि बीपी दोन्ही. टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन चालू असूनही वरचं बीपी १५० च्या खाली येत नाही. डॉक्टरांनी बीपीची तिसरी गोळी न वाढवता शुगरची डापाग्लिफ्लोझिन दिली. मला हे पटलं. ही गोळी किडनीत गाळलेली साखर रक्तात परत जाऊ देत नाही. साखर लघवीतून जाते, सोबत मीठ आणि पाणीही जातं, म्हणून बीपी उतरतं. एकाच गोळीत दोन्ही होत असेल तर गोळ्या कशाला वाढवायच्या?

महालचा भाऊ
उतरतं, पण किती? वरचं बीपी ३ ते ५ अंक. १५० चं १४६ झालं तर समाधान मानायचं का? क्लोर्थॅलिडोन ही लघवी वाढवणारी गोळी जुनी आहे, स्वस्त आहे आणि बीपीचीच आहे. नुसत्या बीपीसाठी या शुगरच्या गोळ्यांना मान्यताही नाही. सगळे नव्याच्या मागे धावून राहिले, अन् घरी पापड-लोणचं सुरूच.

रामदासपेठकर
पापडाचं मान्य. पण नुसते अंक काहून मोजता? २०१५ च्या अभ्यासात शुगर आणि हृदयविकार असलेल्यांना याच गटातली एम्पाग्लिफ्लोझिन दिली, तर हृदयविकार-पक्षाघातासारख्या कारणांनी होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. २०१९ मध्ये डापाग्लिफ्लोझिन हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय रक्त नीट पंप करू शकत नाही अशा रुग्णांना दिली. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना शुगरच नव्हती, तरी फायदा झाला. चार अंकांनी एवढं होत नसतं. बाबांच्या लघवीत प्रोटीन जातं, म्हणजे किडनीला त्रास आहे, मला त्यांची किडनीही सांभाळायची आहे.

बर्डीची फार्मासिस्ट
दोघंही नागपूरचा उन्हाळा विसरले. नवतप्यात पारा ४५ च्या वर, त्यात लघवीची गोळी आणि वरून ही. म्हातारा माणूस खुर्चीतून उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. माझ्या काउंटरवर असे लोक ग्लुकोजचं पाकीट मागतात. शुगरच्या माणसाने ग्लुकोज!
दुसरं, जांघेत आणि लघवीच्या जागी बुरशी होते. लोक लाजतात, हळू आवाजात मलम मागतात आणि डॉक्टरांपासून लपवतात. उलट्या-जुलाब किंवा कडक उपवास असेल तर ही गोळी थांबवायची का, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. कारण अशा वेळी या गोळीने, शुगर नॉर्मल दिसत असतानाही, रक्तात आम्ल वाढू शकतं. ऑपरेशन ठरलं तर किमान तीन दिवस आधी बंद करावी लागते, म्हणून सर्जनला नक्की सांगा.

महालचा भाऊ
मी हेच म्हणतो. माझ्या मावशीला फक्त बीपी आहे. शेजारणीचं ऐकून तीही हीच गोळी मागते.

रामदासपेठकर
मावशीला शुगर नाही, हार्ट-किडनी ठीक आहे, तर मीही नको म्हणेन. बाबांची गोष्ट वेगळी, त्यांची मी बंद करणार नाही. उन्हाळ्यात बीपीच्या गोळ्यांचा डोस बदलायचा का, ते मे लागायच्या आत विचारून घेतो.

बर्डीची फार्मासिस्ट
जाताना घरच्या बीपीची वही न्या. बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळचं लिहा.