1:12 मापात कोकणातलं कौलारू घर : कौलं, सारवण आणि चुलीतला जाळ

ओटीवरून

नमस्कार मंडळी. 1:12 मापात (एका फुटाला एक इंच) कोकणातलं जुनं घर करायला घेतलं आहे. पुढे ओटी, मधे माजघर, उजवीकडे स्वयंपाकघर. रुंदी 20 इंच, खोली 15 इंच, मागची बाजू पूर्ण उघडी. छपराचा उतार 30 अंश, वळचण दोन इंच बाहेर, दोन्ही टोकांना दीड-दीड इंच जास्त. सांगाडा 5.5 मिमी एमडीएफचा (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी). अडलेल्या गोष्टी अशा:

मंगलोरी कौलं एअर ड्राय क्लेची (न भाजता हवेतच सुकणारी माती) करते आहे, 35 × 21 मिमी. प्लॅस्टिकवर सुकताना चारी कडा वर उचलल्या जातात. खोक्याचा लाटांचा पुठ्ठा वापरून पाहिला तर छप्पर पत्र्याचं वाटतं. एकूण कौलं किती लागतील?

सारवलेली जमीन कशी दाखवायची? खरं शेण चालेल का?

चुलीत जळती लाकडं हवी आहेत, उजेडासकट. विजेचं ज्ञान बेताचंच.

आणि तुळशीबागेतली पितळी भातुकली यात शोभेल का?

वासे_रिपा

पुठ्ठा पत्र्यासारखा दिसतो याला सरळ कारण आहे. पातळ खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन लाटांमधलं अंतर सहा-साडेसहा मिमी असतं. त्याला 12 ने गुणा, तीन इंच होतात. आणि खऱ्या पन्हळी पत्र्याची लाटही तीन इंचीच असते. रंग कुठलाही द्या, डोळा फसत नाही. तो पुठ्ठा गोठ्याच्या छपराला राखून ठेवा.

आता संख्या. खरी मंगलोरी कौलं एका चौरस मीटरला साधारण 15 बसतात, कारण प्रत्येकाचा बराच भाग शेजारच्या आणि वरच्या कौलाखाली जातो. तुमच्या मापात एक कौल दिसायला 17.5 मिमी रुंद आणि 26.5 मिमी लांब राहील. पाखं (छपराची एक उतरती बाजू) वळचणीपासून आढ्यापर्यंत 28 सेंमी, लांबी 58 सेंमी. म्हणजे एका ओळीत 33 आणि 11 ओळी, झाली 363. तुटफूट धरून 400 करा. मागचं पाखं शाकारूच नका. नुसते वासे आणि रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) ठेवा, आतलं वरूनही दिसेल आणि निम्मं काम वाचेल.

कडा उचलतात कारण वरची बाजू आधी सुकून आकसते आणि खालची प्लॅस्टिकवर ओलीच राहते. प्लॅस्टिक काढून टाका. मच्छरदाणीची जाळी चौकटीवर ताणा, कौलं तिच्यावर ठेवा, वर वर्तमानपत्राचा एक पदर. पंखा आणि ऊन दोन्ही बंद. तीन-चार तासांनी, क्ले अजून थंड लागते पण वाकत नाही अशा वेळी, उलटी करा. पूर्ण सुकायला दोन दिवस, पावसाळ्यात चार धरा.

जाडी सगळ्यांची सारखी हवी. जुनी एटीएम कार्डं क्लेच्या दोन्ही बाजूंना ठेवायची आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवायचं. कार्ड 0.76 मिमी जाड असतं, म्हणजे खऱ्या मापात नऊ मिमी. यापेक्षा पातळ केलं तर रिपेवर ठेवताना कोपरे तुटतात, जाड केलं तर ओळींच्या पायऱ्या फार मोठ्या दिसतात आणि घर एकदम खेळण्यातलं वाटतं. माझ्या मते सगळ्या छपराचं मर्म या एका मापात आहे.

कौलावरच्या दोन उभ्या पन्हळींसाठी सपाट टाइलवर दोन टूथपिक समांतर चिकटवा, क्लेची कापलेली पट्टी त्यावर ठेवून बोटाने हलकं दाबा. साचा करायचा असेल तर एक कौल एम-सीलचं नीट घडवा, त्याला व्हॅसलिन लावा, आणि बाथरूमला वापरतात ते सिलिकॉन सीलंट व कॉर्नफ्लोअर सारख्या प्रमाणात मळून त्यावर दाबा. व्हिनेगरचा उग्र वास येतो, खिडकी उघडी हवी आणि हातमोजे हवेत. क्ले सुकताना आकसते, म्हणून एम-सीलचं कौल 35 ऐवजी 37 मिमी लांब ठेवा. नेमकं किती आकसते ते पाकिटागणिक बदलतं. आधी पाच कौलं सुकवून मोजा.

रंग वरून देण्यापेक्षा गेरू क्लेमधेच मळा. टवका उडाला तरी आतून पांढरं दिसणार नाही. गेरूचं प्रमाण कमी-जास्त करून तीन गोळे करा आणि कौलं लावताना सरमिसळ करा.

चूल_वैल

वरच्या प्रतिसादाला एक जोड. पहिली ओळ वळचणीची, तिथून वर जायचं. सगळ्यात खालच्या रिपेवर आणखी एक 1 मिमीची पट्टी मारा. बाकीच्या ओळी खालच्या कौलावर टेकतात, पहिलीला टेकायला काहीच नसतं. पट्टी नसेल तर ती खाली मान घालते. चिकटवायला फेविकॉल. फेव्हीक्विकने कौल सरकवायला वेळच मिळत नाही.

सारवण. खरं शेण नको. त्यातलं काडी-कुडं या मापात बांबूएवढं दिसतं, शिवाय भेगा आणि किडे. त्याऐवजी लाकडाचा भुसा मलमलच्या कापडातून चाळून घ्या. दोन भाग भुसा, एक भाग फेविकॉल, पाणी घालून धिरड्याच्या पिठाइतकं सैल करा. रंगाला रॉ अंबर (मातकट तपकिरी), त्यात चिमूटभर हिरवा. लवंग तेलाचे दोन-तीन थेंब टाका, नाहीतर दमट हवेत बुरशी धरते.

पण त्याआधी एमडीएफला दोन्ही बाजूंनी वार्निश किंवा प्रायमर हवाच. एकाच बाजूला ओलं मिश्रण लावलं की ती बाजू फुगते आणि फळी वाकते, मग भिंती सांध्यात उघडतात.

थर पाऊण मिमीचा, दोनदा. एकदम जाड थर दिला की भेगा पडतात. दुसरा थर अर्धवट ओला असताना हाताचे ओढे काढायचे. सारवताना बाईचा हात साधारण दोन ते अडीच फुटांचा अर्धगोल घेतो, म्हणजे तुमच्याकडे पाच-सहा सेंमी. जुन्या टूथब्रशचे चार बारीक झुपके ठेवून बाकीचे केस कापून टाका. हीच चार बोटं. दारापासून आत नाही, आतून दाराकडे येत सारवा, कारण खरी बाईही सारवत-सारवत मागे सरकत दाराबाहेर पडते. ओढ्यांची दिशा चुकली की जाणत्याला लगेच कळतं. शेवटी मॅट वार्निश. चकाकी आली की जमीन शहाबादीसारखी दिसते.

जोत्याला जांभा दाखवायचा असेल तर फोमबोर्डचा वरचा कागद सोलून बॉलपेनने चिऱ्यांचे सांधे ओढा आणि अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा दाबा, जांभ्याची भोकं मिळतात. त्यावर स्प्रे पेंट मारू नका, फोम विरघळतो.

पाच_व्होल्ट

चुलीचं मी सांगतो. मोबाइलचा जुना 5 व्होल्टचा चार्जर घ्या. 230 व्होल्टचं काहीही घराच्या आत येऊ देऊ नका. 3 मिमीचे दोन एलईडी: एक वॉर्म व्हाइट, एक मेणबत्तीसारखा लुकलुकणारा पिवळा. प्रत्येकाला स्वतंत्र 220 ओहमचा रेझिस्टर (विद्युतप्रवाह आवरणारा छोटा भाग). वॉर्म व्हाइट एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात. उरलेले दोन 220 ने भागले की 9 मिलीअँपियर, म्हणजे चुलीला पुरेसा आणि डोळ्यात न खुपणारा उजेड. दोघांत मिळून एकच रेझिस्टर लावला तर कमी व्होल्टचा पिवळा बहुतेक विद्युतप्रवाह ओढतो आणि पांढरा मंद राहतो.

एलईडीचं डोकं बारीक सँडपेपरने घासून धुरकट करा, उजेड पसरतो. वर गरम गोंदाचे पातळ, ओबडधोबड थेंब, त्यावर काचेवर द्यायचा नारिंगी रंग आणि शेवटी पेन्सिलच्या शिशाची पूड. लाकडांना खऱ्या बारीक काटक्या. टोकं जाळून घेऊन थंड झाल्यावरच लावायच्या.

तारांसाठी जमिनीखाली 10 मिमी पोकळी आत्ताच ठेवा. एनॅमल चढवलेली तांब्याची तार वापरलीत तर जोडायच्या टोकाचं एनॅमल खरवडायला विसरू नका. "सगळं बरोबर आहे पण पेटत नाही" याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

रवळी

भातुकलीबद्दल. पट्टी घेऊन दुकानात जा. भातुकली खेळायला केलेली असते, एका मापाची नसते. फूटभर उंचीचा हंडा तुमच्याकडे 25 मिमी हवा. दुकानातला 45-50 मिमीचा निघाला तर तो दोन फुटी रांजण झाला. तांब्या 12 मिमीच्या आसपास, आणि तो खेळण्यांपेक्षा देवपूजेच्या छोट्या वस्तूंत मिळण्याची शक्यता जास्त. जात्याची तळी 35 मिमीपर्यंत चालेल.

न मिळालेलं करा. हंड्याला मोठा लाकडी मणी, गळ्याला एम-सीलची वळी. आधी काळा रंग, सुकल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने सोनेरी, मग खाचांत पातळ तपकिरी. सरळ सोनेरी फासलं की पितळ वाटत नाही, सोनेरी रंगच वाटतो. सुपाला जाड खाकी पाकिटाच्या 1 मिमी पट्ट्या विणा, शिंक्याला क्रोशाचा सर्वांत बारीक दोरा, पिवळसर चहात बुडवून.

ओटीवरून

फार उपयोग झाला. आधी जाळी ताणते. एकच राहिलं: स्वयंपाकघरावर एक काचेचं कौल हवं आहे. ओएचपी शीट (प्रोजेक्टरसाठीची पारदर्शक शीट) चालेल?

वासे_रिपा

ओएचपी शीट फार पातळ, पन्हळ धरत नाही. मिठाई किंवा खेळण्यांच्या पॅकिंगचं पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, टूथपिकच्या साच्यावर ठेवून हेअर ड्रायरने गरम करा आणि चमच्याच्या पाठीने दाबा. पाख्याखाली फळी मारणार असाल तर तिथे 17 × 26 मिमीचं भोक आधीच पाडा. या कौलाच्या आसपास फेव्हीक्विक नकोच, त्याची वाफ प्लॅस्टिकवर पांढरी साय धरते आणि ती पुसून जात नाही. कौल चुलीच्या बरोबर वर नको, थोडं बाजूला ठेवा. उजेडाचा पट्टा सारवणावर तिरका पडला तर हाताचे ओढे उठून दिसतील.