शेतातल्या डकोटा विमानाचं काय करावं? सल्ला हवा (कोल्हापूर)

उद्यमनगरचा_नातू

नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र आहे, हसू नका.

आमच्या आजोबांची उद्यमनगरात छोटी फाउंड्री होती. हवाई दलानं आपली जुनी डकोटा (दोन इंजिनांची मालवाहू) विमानं मोडीत काढली त्या सुमारास, म्हणजे 1980च्या दशकात, लिलावातून आजोबांनी एक घेतलं. कशाला, तर वितळवायला. ॲल्युमिनियम स्वस्तात मिळतंय म्हणून. इंजिनं तेव्हाच काढलेली होती. रात्रीतून हायवेनं आणलं, गोकुळ शिरगावच्या पुढं आमच्या रानात ठेवलं, आणि मग म्हाताऱ्याचा हात काही चालेना. "बघू पुढच्या महिन्यात" करत करत आजोबा गेले, विमान राहिलं. धड स्वतःच्या चाकांवर, नाक वर करून बसलेलं. पंख शेजारी टायरांवर आडवे. शेपटीच्या हलत्या भागावरचं कापड केव्हाच गेलं, नुसत्या फासळ्या उरल्यात. आम्ही पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत आत पत्ते खेळायचो.

आता वाटण्या निघाल्यात. जमीन विकायची ठरलीय आणि घेणाऱ्याला रान मोकळं हवंय. मुदत फेब्रुवारीअखेर. एक भंगारवाला गॅस कटर घेऊन उद्या यायला तयार आहे. हायवेवरचा एक हॉटेलवाला म्हणतो, मला द्या, आत टेबलं टाकतो. एका कॉलेजच्या सरांनीही विचारलंय, पण "वाहतूक तुमची" म्हणतात. काकांचं मत भंगाराकडं, माझं नाही. काय करावं?

तांबडा_पांढरा

भावा, नाद खुळा! विमानात बसून तांबडा-पांढरा, याच्यापुढं काय पाहिजे? हॉटेलला दे.

ओतारी_शिरोली

हॉटेलचं नंतर बघू. भंगारवाल्याच्या आकड्यावर जाऊ नका, एवढंच सांगायला आलो.

मी पंचवीस वर्षं भट्टीवर आहे. विमानाचा पत्रा म्हणजे भांड्याचं ॲल्युमिनियम नव्हे. त्यात तांबं साधारण साडेचार टक्के असतं. मजबुतीला झकास, पण सरळ भट्टीत टाकून आपल्या पंपाच्या बॉडीला ओतता येत नाही. मिश्रण बघूनच वापरावं लागतं, म्हणून व्यापारी भाव कापतो. वर रंग, सीलंट, पोलादाचे बोल्ट, वायरी. रिकामं डकोटा इंजिनांसकट आठ टनांच्या आसपास. तुमच्यात इंजिनंच नाहीत. दोन्ही इंजिनांचा मिळून टनापेक्षा जास्त भार गेला, मग पाय, चाकं, पोलाद वजा करा. काकांना सांगा, कापायची मजुरी आणि क्रेन धरून हिशेब कागदावर मांडा. आजोबांनी बहुतेक तोच हिशेब केला होता आणि आपल्याला "हात चालेना" म्हणून सांगितलं. (गंमत केली, राग नको.)

निवृत्त_एअरमन

कटर लावू नका. निदान आठवडाभर तरी नाही.

मी एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा. डकोटावर नाही, ॲव्ह्रो या दुसऱ्या वाहतूक विमानावर, पण या गोष्टी सारख्याच.

कॉकपिटमध्ये घड्याळं शिल्लक आहेत का? त्या काळच्या डायलवर काटे-आकडे चमकायला रेडियमचा रंग द्यायचे. आता अंधारात चमकत नसतील, पण त्याचा अर्थ रेडियम संपलं असा नाही. चमकणारा पदार्थ मरतो, रेडियमचं अर्धआयुष्य 1600 वर्षांचं. काच फुटलेला डायल हाताळू नका, खरवडू नका आणि पोरांना आता आत सोडू नका. दिल्लीच्या मायापुरीत 2010 साली प्रयोगशाळेतलं कोबाल्टचं उपकरण भंगारात गेलं आणि एक माणूस जीवानिशी गेला. ते याच्यापेक्षा कितीतरी तीव्र होतं, घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण डायल मोजून घ्या. मोजणारं माणूस नसेल तर मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला लिहा. मोजल्याशिवाय डायल काढून "शोपीस" म्हणून वाटू तर अजिबात नका, मोह फार होतो.

दुसरं म्हणजे पाय. लँडिंग गिअरच्या नळीत तेल आणि हवा दाबाखाली असते. चाळीस वर्षांनी दाब गेला असेल असं धरून कुणी कापायला बसला तर तोंडावर उडेल. आग विझवायची बाटली आणि ऑक्सिजनचे सिलिंडर राहिलेत का बघा. जुन्या विमानांत काही ओतीव भाग मॅग्नेशियमचे असतात. त्याला कटरनं आग लागली आणि कुणी पाण्याची बादली ओतली तर आग दुप्पट भडकते. कोरडी वाळू जवळ ठेवा.

आणि धुवायचं असेल तर साधं पाणी, मऊ फडकं. वाळूचा फवारा किंवा ग्राइंडर मारू नका. पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, गंजापासून तोच वाचवतो. तो गेला की पावसात पत्रा भराभर खराब होतो.

कोर्टाची_पायरी

वाटणीपत्र झालंय का? विमान जंगम मालमत्ता आहे, जमिनीबरोबर आपोआप जात नाही. वाटणीपत्रात त्याचा वेगळा उल्लेख करा, सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. लिलावाची पावती आणि माल उचलल्याचा कागद आजोबांच्या ट्रंकेत शोधा. तो नसेल तर कॉलेजही हात लावणार नाही, हॉटेलवाला तर लावेल आणि नंतर तुम्हालाच फोन करेल.

पंख_आणि_पानं

नातूसाहेब, विमान "घेतो" म्हणणारे पुष्कळ भेटतील. सांभाळणारा शोधा.

ब्रिटिश हवाई दलाचं ब्लॅकबर्न बेव्हर्ली नावाचं मालवाहू धूड होतं. एकूण 49 बनली, पूर्ण उरलं एकच. ते यॉर्कशायरमधल्या लष्करी वाहतुकीच्या संग्रहालयात होतं. 2003 मध्ये संग्रहालय बंद पडलं. विमान सुटं करून फोर्ट पॉल या जुन्या किल्ल्यावर नेलं. 2020 मध्ये तेही बंद, लिलाव, खासगी मालक. मग पुन्हा सुटं करून कार्लाइलच्या सोल्वे संग्रहालयाकडं. इतकं दुर्मीळ विमान, त्याची ही फरफट. तुमचं हॉटेल किती वर्षं चालेल सांगा?

म्हणून कुणालाही देताना कागदावर एक ओळ घाला: संस्था बंद पडली किंवा जागा विकली तर विमान कुणाला द्यायचं. आणि छप्पर कोण घालणार तेही. उघड्यावर आपल्याकडचा पाऊस हळूहळू आतून पोखरतो, बाहेरून रंग चकाचक.

उलट उदाहरणही आहे. आयर्लंडात भंगारात पडलेलं डकोटा तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी 2011 साली घेतलं, इंग्लंडात दुरुस्त करून घेतलं. 2018 च्या एप्रिलमध्ये ते स्वतः उडत जामनगरला उतरलं. त्यांचे वडील हवाई दलात डकोटा चालवायचे. 27 ऑक्टोबर 1947 ला शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनला घेऊन डकोटा श्रीनगरला उतरली होती, त्यांतल्या एकाचा 'व्हीपी 905' हा क्रमांक या विमानाला दिला. अर्थात त्यामागं पैसा किती गेला असेल ते सोडा.

तुमच्या विमानाचा क्रमांक काय?

तांबडा_पांढरा

हॉटेलचं माझं मत मागं घेतो. कणेरी मठाच्या म्युझियमला दिलं तर?

पंख_आणि_पानं

तिथं सगळा गावगाडा आहे, बलुतेदार आणि बैलं. त्यात विमान म्हणजे लग्नात क्रिकेटचं पॅड. टेंबलाईच्या टेरिटोरियल आर्मी बटालियनला एकदा पत्र टाका, विचारायला काय जातंय.

उद्यमनगरचा_नातू

सगळ्यांचे आभार. काल काकांना ओतारीदादांचा हिशेब दाखवला. मोठे काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "कटरवाल्याला थांबव." धाकट्यांचं अजून "एवढी कटकट कशाला" चालूच आहे.

ट्रंकेत पावती सापडली, वाळवीनं एक कोपरा खाल्लाय, पण शिक्का वाचता येतो. क्रमांक मात्र मिळेना, शेपटीवर आजोबांनी ऑइल पेंट मारलाय. कॉलेजच्या सरांना छपराचं आणि त्या "बंद पडलात तर" ओळीचं विचारलं. म्हणाले, ट्रस्टींना विचारून सांगतो. वाहतुकीवर अजून गाडी अडलीय.

निवृत्त_एअरमन

रंग खरवडू नका, थिनरचा बोळा हलक्या हातानं फिरवा, एकावेळी वीतभर. शेपटीवर नसेल तर दाराच्या आत किंवा कॉकपिटमध्ये धातूची पट्टी रिव्हेट केलेली असते, तिचा फोटो टाका. वॉरबर्ड्स ऑफ इंडिया आणि भारत-रक्षक या साइटवाल्यांना पाठवा, ते एकेका विमानाची नोंद ठेवतात. जुनं स्क्वाड्रन कळलं तर घेणारा मिळायला फार मदत होते.

वाहतुकीचं: इंजिनांबाहेरचे पंख बोल्टवर असतात, ते तुमचे सुटलेलेच आहेत. पण मधला भाग धडाशी एकजीव आहे, तो कुणी "फक्त रुंदी कमी करायला" कापतो म्हणाला तर हाकलून द्या. रुंदी वीस फुटांच्या वर जाते, म्हणजे लो-बेड ट्रेलर, परवानगी आणि पोलीस. गळीत हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यामुळं मध्यरात्रीनंतरच. शेतातून डांबरीपर्यंतची वाट किती रुंद आहे?

उद्यमनगरचा_नातू

बैलगाडीची वाट, दोन्हीकडं शेजाऱ्याचा ऊस. त्यांना जानेवारीत तोड मिळेल म्हणतात. तेवढ्यात ट्रस्टींचं कळेल. रविवारी थिनर घेऊन जातोय, फोटो टाकतो.