मदत हवी आहे: जर्मन कार्डावरच्या शुभेच्छेचा अर्थ सांगा, आजच हवाय

पारिजात: कार्डावर 'गुटेन रुत्सच' असं लिहिलंय. अ‍ॅप म्हणतं 'चांगली घसरण'. हा टोमणा आहे का? संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. कृपया लवकर सांगा.

भाजणी: कार्ड कुणाचं? छापील की हाताने लिहिलेलं? आणखी काय लिहिलंय?

जुनाजाणता: टोमणा मुळीच नाही. उच्चार 'रुच'. नव्या वर्षात अलगद सरकत जा, अशी शुभेच्छा आहे. ३१ डिसेंबरपर्यंतच म्हणतात, बारा वाजले की 'फ्रोहेस नोयेस'. मी म्युनिकला अकरा वर्षं काढलीत. शब्द मूळचा हिब्रू, रोश हशाना म्हणजे ज्यूंचं नववर्ष, त्यातला 'रोश'.

शब्दवेडा: काका, ती व्युत्पत्ती सगळीकडे फिरते, पण बऱ्याच भाषातज्ज्ञांना ती पटलेली नाही. जर्मनमध्येच 'रुच'चा छोटासा प्रवास असाही अर्थ आहे.

जुनाजाणता: मला तिथल्या ज्यू शेजाऱ्याने स्वतः सांगितलंय.

शब्दवेडा: शेजाऱ्याने सांगितलं म्हणून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही ना.

कोथरूडकर: पुण्यात मॅक्स म्युलर भवनला ए१, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, करून टाका. आणि एक लक्षात ठेवा, जर्मन माणसाला वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी कधीच देऊ नका, अपशकुन मानतात.

पारिजात: वाढदिवस नाहीये हो. मी मुलाकडे स्टुटगार्टला आलेय. तो कामासाठी बाहेरगावी आहे, फोन लागत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजींनी काल दाराच्या मुठीला पिशवी अडकवली. आत हे कार्ड आणि चांदणीच्या आकाराची बिस्किटं, वर पांढरा थर, दालचिनीचा घमघमाट. खाली हाताने आणखी एक ओळ आहे, पण ती नेहमीचीच असेल.

राइनकाठी: ताई, हाताने लिहिलेलीच ओळ महत्त्वाची! जशी दिसते तशी टाका.

वऱ्हाडी: बिस्किटांत अंडं असतं का?

राइनकाठी: असतं. त्सिमश्टेर्न म्हणतात. बदामाची पूड, दालचिनी आणि अंड्यातला पांढरा भाग.

पारिजात: वाचता येतंय तसं लिहिते: 'कोमेन सी डोच झ्विशेन डेन जाहरेन ऑफ आयनेन काफी वोरबेई.'

राइनकाठी: आजींनी तुम्हाला कॉफीला बोलावलंय! 'त्स्विशेन डेन यारेन', शब्दशः दोन वर्षांच्या मधे. नाताळ ते ३१ डिसेंबर या दिवसांना तसं म्हणतात. पण २५ आणि २६ दोन्ही सुट्ट्या, ते दिवस घरच्यांचे. २७ ते ३० मधला दिवस विचारा, दुपारी तीन-चारची वेळ. न कळवता अचानक जाऊ नका.

जुनाजाणता: बरोबर. आमच्याकडे ६ जानेवारीपर्यंतही म्हणायचे.

पारिजात: अगं बाई, आणि मी नुसतं 'थँक यू' लिहिणार होते. त्या एकट्याच राहतात, जिन्यात भेटल्या की हात हातात घेतात. २८ ला चार वाजता चालेल का, हे कसं लिहू? रव्याचे लाडू केलेत, नेऊ का?

राइनकाठी: 'डांके, ईनेन आउख! पास्ट ईनेन डेअर २८. डेत्सेंबर, १६ ऊअर?' स्पेलिंग निरोपात पाठवते. लाडू न्याच, फक्त आत काजू-बेदाणे आहेत हे आधी सांगा.

पारिजात: चिठ्ठी लिहून त्यांच्या पत्रपेटीत टाकून आले. खाली 'गुटेन रुच' मीही लिहिलं.